फझचा खरखराट

१९८८, सिअॅटल. रेसिप्रोकल रेकॉर्डिंग नावाच्या चिमुकल्या तिकोनी इमारतीत तुम्ही ड्रमसेटशेजारी अंग चोरून उभे आहात. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा जॅक एन्डिनो. इकडे मार्क आर्म, स्टीव्ह टर्नर, मॅट लुकिन आणि डॅन पीटर्स. बँडचं नाव मडहनी. पायाने पेडलचं बटण दाबलं जातं. गिटारचा सिग्नल इतका फुगतो की त्याची टोकंच छाटली जातात, आणि पत्र्यावर वाळू घासावी तसा खरखराट कानात शिरतो. हाच फझ. सुपर-फझ आणि बिग मफ ही दोन पेडलांची नावं. तीच जोडून यांच्या पहिल्या ईपीचं बारसं होईल. त्याआधी ‘टच मी आय’म सिक’ हे गाणं येईल. सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या त्याच्या कॉफीच्या रंगाच्या ८०० तबकड्यांतली एक मिळाली, तर जपून ठेवा.

९ जून १९८९, मूर थिएटर. एकाच रात्री तीन बँड: सुरुवातीला निर्वाना, मग टॅड, शेवटी मडहनी. हा क्रम पुढे कसा उलटणार, हे इथल्या गर्दीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. गप्प बसा आणि नाचा.

१९९१. आठ ट्रॅकवर रेकॉर्ड केलेला मडहनीचा अल्बम कर्जात बुडालेल्या सब पॉपला हात देतो. निर्वाना जगभर गाजते. आर्म आणि टर्नरचे ग्रीन रिव्हर या आधीच्या बँडमधले जुने सोबती पर्ल जॅम काढून स्टेडियम भरू लागतात. मडहनीही मोठ्या कंपनीत जाते, पण ती वर्षं भराभर ओलांडलीत तरी चालेल. रेकॉर्ड वाईट नाहीत. कंपनीला मात्र दुसरी निर्वाना हवी होती, आणि यांना तसं होण्याची हौसच नव्हती. माझ्या मते इतकी वर्षं टिकण्याचं मूळ तिथेच आहे. १९९९मध्ये लुकिन बँड सोडतो, २००१मध्ये बेसवर गाय मॅडिसन येतो, २००२मध्ये सगळे परत सब पॉपच्या दारात.

११ जुलै २०१३. स्पेस नीडलचं छप्पर, सब पॉपची पंचविशी. दीडशे मीटरहून उंचावर, वाऱ्यात, तोच खरखराट. गाणारा आर्म एरवी सब पॉपचंच गोदाम सांभाळतो, तर मॅडिसन नर्स आहे. भाकरीची सोय बाहेर असल्यामुळे बँडवर कमाईचं ओझं नाही.

२०२३चा ‘प्लास्टिक इटर्निटी’ हा अल्बम नऊ दिवसांत रेकॉर्ड होतो. मॅडिसनला कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला परतायचं होतं, म्हणून ही घाई.