एक रुपयाचा भत्ता

बेकारभत्ता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विलायतेतली रांग उभी राहते. पण वाचकहो, असा भत्ता आपल्या महाराष्ट्राच्या कायद्यातही लिहिला गेला, आणि तोही खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या माणसासाठी.

सुरुवात १९६५ सालची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे एक प्रयोग झाला. दुष्काळात लोकांना कामे देण्याची रीत तशी जुनीच, इंग्रजांच्या अमलापासूनची. पण दुष्काळ पडला की नाही, हे ठरवणार कोण? सरकार! पाग्यांनी ते उलटे केले. काम हवे की नको, हे मजुरानेच सांगावे. मागेल त्याला काम. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, आणि मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. पाऊस पडल्यावर ती कामे मिटली, योजना मात्र टिकली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या रकमेबद्दल आपण कुरकुर करतो खरे, पण ती कशासाठी बसली, हे किती जणांना ठाऊक असते?

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात खरी मेख पुढेच आहे. मजुराने कामाचा अर्ज करायचा आणि सरकारने १५ दिवसांच्या आत काम द्यायचे. न दिले तर भत्ता द्यायचा, रोजचा निदान एक रुपया.

एक रुपया! कोणी म्हणेल, त्यात काय येणार? त्या काळीही पोट भरण्याइतका तो नव्हताच. पण तो देणे म्हणजे सरकारने ‘आम्ही काम देऊ शकलो नाही’ असे लिहून देणे. म्हणून माझ्या मते तो मजुराला दान नव्हता, सरकारला दंड होता. आणि दंड भरण्यापेक्षा तो लागूच न होऊ देणे कचेरीला सोपे. भत्ता हातात पडला, अशी माणसे फार थोडी.

ते कसे जमायचे? १५ दिवस मोजायचे तर अर्ज कोणत्या दिवशी आला, हे कागदावर हवे. अर्ज तोंडी घेतला, किंवा घेऊन पोच दिली नाही, की मोजणीच सुरू होत नाही. म्हणून मजुरांच्या संघटनांनी जोर धरला तो पावतीवर.

२००५ साली केंद्राने साऱ्या देशासाठी कायदा केला, तेव्हा तारखेची पावती त्यात आली. भत्ताही वाढला: पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या निदान पाव हिस्सा, पुढे निदान निम्मा. मात्र अकुशल कामाची मजुरी केंद्राने द्यायची आणि भत्ता राज्याने आपल्या तिजोरीतून, अशी वाटणी ठरली. मग भत्त्याची उत्सुकता कोणत्या राज्याला असणार? पावती मागणाऱ्या बाईला ‘साहेब नाहीत, सोमवारी या’ म्हटले आणि अर्जावर तारीख पडली सोमवारची, तर मधले दिवस तिच्याच हिशेबातून गेले.