विधान आणि गृहीतक : न उच्चारलेले कसे ओळखावे?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून ‘सीसॅट’ ही २०० गुणांची प्रश्नपत्रिका असते. २०१५ पासून ती पात्रतेपुरती झाली. मात्र तीत किमान ३३ टक्के गुण न मिळाल्यास पहिल्या प्रश्नपत्रिकेतील यशही निरुपयोगी ठरते. शिवाय चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा होतात. त्यामुळे उताऱ्यांवरील ‘गृहीतके’ ओळखण्याच्या प्रश्नांत अंदाजाने उत्तर देणे महागात पडते.

गृहीतक म्हणजे काय?

वक्त्याने उच्चारलेले नाही, पण जे मान्य केल्याशिवाय त्याचे म्हणणे टिकत नाही, ते गृहीतक. विधानातून पुढे निघतो तो निष्कर्ष. विधानाच्या मागे उभे असते ते गृहीतक.

उदाहरण

विधान : रेल्वे स्थानकावरील उद्घोषणा – ‘रूळ ओलांडणे धोकादायक आहे. प्रवाशांनी पादचारी पुलाचा वापर करावा.’

गृहीतके :
१) स्थानकात वापरण्याजोगा पादचारी पूल आहे.
२) सर्व प्रवासी या सूचनेचे पालन करतील.
३) रूळ ओलांडण्यात धोका आहे.

उत्तर : फक्त १.

स्पष्टीकरण

प्रत्येक पर्याय नाकारून पाहावा. ‘वापरण्याजोगा पूल नाही’ असे मानल्यास सूचनाच निरर्थक ठरते. म्हणून पहिले गृहीतक योग्य. दुसऱ्याचा नकार ‘कोणीही पालन करणार नाही’ असा नसून ‘काही जण पालन करणार नाहीत’ असा होतो. तसे घडले तरी सूचना देण्यात अर्थ उरतोच. म्हणून दुसरे अयोग्य. त्याऐवजी ‘काही प्रवासी तरी पालन करतील’ असा पर्याय असता, तर तो स्वीकारावा लागला असता. तिसरा पर्याय खरा आहे, पण तो विधानात स्पष्टच सांगितला आहे. जे सांगितले, ते गृहीत धरलेले नसते.

लक्षात ठेवा

- ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘एकमेव’ असे शब्द असलेला पर्याय विशेष काळजीने तपासावा. मात्र केवळ त्या शब्दामुळे तो बाद करू नये.
- गृहीतक वस्तुस्थितीत खरे आहे की नाही, हा प्रश्न नसतो. वक्त्याने ते मानले आहे का, एवढेच पाहायचे असते.
- स्वतःचे मत आणि सामान्यज्ञान बाजूला ठेवावे. आपल्याला पटणारा पर्याय आणि वक्त्याला आवश्यक असलेला पर्याय यांतील फरक ओळखणे, हीच या प्रश्नांची खरी कसोटी आहे.