सुकडी, मिलो आणि हजेरीपट

घणसोलीत कुणी विचारतं, मूळ गाव कुठलं? मी सांगतो, जालन्याकडचं. कधी आलात? बहात्तरच्या दुष्काळात. पुढचं कुणी विचारत नाही. म्हणून ते लिहितो.

1972 ला पाऊस गेला. विहिरी आटल्या, जात आटली नाही. त्याच साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून दोन दलित बायांची विटंबना झाली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे 1973 मध्ये राज्यात पन्नासेक लाख माणसं कामावर होती. माझी माय त्यातलीच. खडी फोडायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो. आणि पोरांना सुकडी.

सुकडी गोड लागायची, हे खोटं कशाला सांगू? पण आमच्या कामावर वाटणारा माणूस आमच्या ओंजळीत ती वरून टाकायचा. हाताला हात लागू नये म्हणून! दुष्काळ सगळ्यांचा, ओंजळ मात्र आमची वेगळी.

दान वाईट असं मी म्हणत नाही. 1877 च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी धनकवडीला अन्नछत्र घातलं, म्हणून लेकरं जगली. प्रश्न देणाऱ्याच्या हाताचा आहे.

पुढं बाप ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात लागला. घणसोली गावठाणात एका आगरी म्हातारीची खोली भाड्यानं घेतली. तिचंही शेत सिडकोत गेलेलं. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार समितीच्या बाया लाटणी घेऊन मोर्चे काढत होत्या. माय म्हणायची, "आपल्याकडं लाटणं कुठंय? मिलोची भाकर थापावी लागती." महिनाअखेरी डबा रिकामा झाला की म्हातारी तांदूळ द्यायची. "ने गो बाय, मंग दे." माय पगाराच्या दिवशी तेच माप शीग लावून परत करायची. याला दान म्हणत नाहीत, उसनं म्हणतात. उसन्यात मान खाली जात नाही.

त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. काम मागा, पंधरा दिवसांत द्या, नाहीतर भत्ता द्या. त्याच्या पैशासाठी 1975 पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. बाप कायम झाल्यावर त्याच्याही पगारातून तो कापला जायचा. बाप कुरकुरला. माय म्हणाली, "कापू द्या. तिकडं कुणीतरी खडी फोडतंय."

2020 च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीत धान्याच्या पिशव्या आल्या. घ्यायच्या आधी फोटो. शेजारची पोरगी पदरानं तोंड झाकून उभी राहिली. वाटणारा म्हणाला, "पदर काढा, चेहरा दिसत नाही."

मला सुकडीचा वास आला.

माय शाळेत गेली नव्हती. पण हजेरीपटावरचा अंगठा तिनं जन्मभर मिरवला. सुकडीची चव मात्र तिनं कधी काढली नाही.