जुनी डिझेल गाडी घेताना : माणमधल्या कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती

माण तालुक्यात चारचाकी ही हौस राहिलेली नाही. अम्मीला रात्री दवाखान्यात न्यायचं असो, मुलीला परीक्षेसाठी साताऱ्याला सोडायचं असो, की निकाहला सगळं घर घेऊन जायचं असो, एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत. नवी गाडी परवडत नाही, म्हणून बहुतेक घरं जुनी डिझेल गाडी शोधतात. हा व्यवहार नीट समजून केला तर गाडी दहा वर्षं साथ देते. घाईत केला तर घरची बचत गॅरेजमध्ये जाते.

डिझेल परवडेल का?

आधी वहीत हिशोब मांडा. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते आणि डिझेलची २०. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये आणि डिझेलला साडेचार रुपये लागतात. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ३७,५०० रुपये वाचतात. पण वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरत असाल तर बचत फक्त १२,५०० रुपये. डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा बिघडला की एवढी रक्कम सहज संपते. फिरणं कमी असेल तर पेट्रोलच बरं.

कोणती गाडी?

सात माणसांच्या घरासाठी आपल्याकडे एर्टिगा, इनोव्हा आणि बोलेरो जास्त पाहिल्या जातात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे डिझेलची एर्टिगा त्याआधीचीच मिळेल. तिच्या जुन्या मॉडेलचं १.३ लिटरचं इंजिन स्विफ्ट आणि डिझायरमध्येही होतं. म्हणून त्याचे पार्ट आणि ते जाणणारे मिस्त्री सापडतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. रोज फक्त घर ते शाळा, घर ते बाजार एवढंच चालवलं तर तो फिल्टर तुंबतो आणि खर्च मोठा येतो.

गाडी कशी तपासायची?

सकाळी, इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं पाहिजे. मग धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सतत काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या फिल्टरची तक्रार. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर ती गाडी सोडून द्या.

त्यानंतर ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन, घरची चार-पाच माणसं बसवून मोगराळे घाटात चढ-उतार करा. क्लच घसरतो का, काटा तापतो का, ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे घाटात लपत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. तो सर्व्हिसच्या नोंदींशी आणि पेडलच्या झिजेशी ताडून बघा.

कागदपत्रं

आमच्या मामूंनी जुनी जीप शंभराच्या स्टॅम्प पेपरवर विकली आणि विषय संपला असं समजले. आर.टी.ओ.त नाव तसंच राहिलं. पुढे त्या जीपचा अपघात झाला आणि कोर्टाची नोटीस मामूंच्या दारात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं :

– नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं.

– गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

– चेसिस आणि इंजिन नंबर आर.सी.शी स्वतः जुळवा. थकलेले ई-चलन ऑनलाइन बघा.

– विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज द्या. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

– नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आर.सी.वरची मुदत बघूनच भाव करा.

दिल्लीची स्वस्त गाडी

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशाने निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. पण तिथल्या आर.टी.ओ.चं ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) लागतं. इथे वाहनाच्या वयाप्रमाणे रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. हा खर्च धरून भाव ठरवा.

पैसे देताना

आपल्यातली बरीच घरं व्याजाचं कर्ज टाळून साठवलेल्या पैशातून गाडी घेतात. तरी पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. शिवाय पुढे वाद झालाच तर बँकेची नोंद हाच पुरावा.

घेतल्यानंतर

आधीच्या सर्व्हिसची खात्री नसेल तर ऑइल आणि सगळे फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदला. माणच्या धुळीत हवेचा फिल्टर लवकर भरतो, तो वेळेआधीच उघडून बघत जा. डिझेल फिल्टरमध्ये साठलेलं पाणी मिस्त्रीकडून काढून घ्या. टाइमिंग बेल्ट असलेल्या इंजिनचा बेल्ट पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर बदलाच, तो तुटला तर इंजिन जातं. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, टर्बो टिकतो.

आणि एक गोष्ट. खासगी नंबरची गाडी भाड्याने देऊ नका. शेजाऱ्याला अडचणीत मदत करणं वेगळं, पैसे घेऊन नेणं वेगळं. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई आपल्या घरातून जाते.