नारू : एका अपृष्ठवंशीय प्राण्याचा इतिहास

हुबळी-धारवाड परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी घराण्यांत इतिहासाचा विषय निघाला की सनदा, इनामे आणि कुलवृत्तांत बाहेर येतात. त्यांत कोणी कोणते ठाणे घेतले हे सापडते. पण घरातला कर्ता पुरुष ऐन पेरणीच्या दिवसांत दोन महिने खाटेवर का पडून होता, हे सहसा सापडत नाही. ज्या प्राण्याने त्याला खाटेवर पाडले त्याला पाठीचा कणा नव्हता. अशा एका बिनकण्याच्या प्राण्याचा वृत्तांत येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्राणिसृष्टीचे कणा असलेले आणि नसलेले असे दोन भाग ढोबळमानाने पडतात. ॲरिस्टॉटलने या दुसऱ्या भागाला रक्तहीन म्हटले होते. ते नाव बाजूला सारून, पाठीचा कणा नसणे हेच लक्षण पुढे ठेवून फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १८०१ साली या प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्पंज, प्रवाळ, जेलिफिश, नाना तऱ्हेचे कृमी, शंख-शिंपले व गोगलगायी, तारामासे, आणि कीटक, कोळी, विंचू, खेकडे यांचा अफाट संधिपाद वर्ग, अशी ही मांदियाळी आहे. ज्ञात प्राणिजातींपैकी शेकडा ९५ हून अधिक जाती यांच्याच आहेत. आपण कणेवाले मंडळी अल्पसंख्य आहोत. देवघरातला शंख, यल्लम्मा आणि तुळजाभवानीच्या गळ्यातल्या कवड्या, लग्नातले रेशीम, पोळ्यातला मध हे सारे त्यांचेच देणे. नारू हे मात्र देणे नव्हे.

नारू हा गोलकृमी. शास्त्रीय नावात तो 'मदिनेचा छोटा ड्रॅगन' आहे, आयुर्वेदीय ग्रंथांत तो 'स्नायुक' म्हणून येतो. कानडीत 'नारु' म्हणजे तंतू, धागा. या रोगाला येथे 'नारु हुण्णु' म्हणतात. या एका शब्दाबाबत मराठी व कानडी यांच्यात सीमावाद नाही.

त्याचे जीवनचक्र दोन अपृष्ठवंशीयांच्या संगनमतावर उभे आहे. नारूची मादी माणसाच्या कातडीखाली, बहुधा गुडघ्याच्या खाली, येऊन फोड उठवते. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि लक्षावधी अळ्या पाण्यात पडतात. त्या अळ्या सायक्लॉप्स हा ठिपक्याएवढा जलचर गिळतो. तो खेकड्याच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी. असे पाणी कोणी प्यायले की सायक्लॉप्स पोटात मरतो, अळ्या मात्र आतडे भेदून शरीरात शिरतात. सुमारे वर्षभराने हात-दीड हात लांबीचा, कधी त्याहूनही लांब, धागा त्वचेतून डोकावू लागतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढून काढायचा. घाईने तुटला तर जखम चिघळे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की सायक्लॉप्सची दाटी होई, आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास, शेतीची कामे अंगावर आली असता, रोगी आडवा पडे. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही.

या दोघांचे संगनमत उघडकीस यायला फार काळ लागला. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतील सर्जन हेन्री कार्टर यांचा १८५० च्या दशकात तर्क होता की तळ्यातील सूक्ष्म कृमी स्नान करणाऱ्याच्या कातडीतून शिरतात. कार्टर हे पुढे स्पंजांचे नामांकित अभ्यासक ठरले. नारूबाबत त्यांचा नेम चुकला. १८७० साली रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को याने तुर्कस्तानात अळ्या सायक्लॉप्समध्ये शिरताना पाहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लेपर याने माकडावर प्रयोग करून पिण्याच्या पाण्याचा मार्ग निश्चित केला आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतील डॉ. तर्खड यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मनुष्यावरील प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. आमच्या शेजारच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात म्हैसूर संस्थानाच्या आरोग्य खात्यातील डॉ. मूर्ती यांनी १९३० च्या दशकात विहिरींत सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे सोडून पाहिले, कुत्र्यांना नारू होऊ शकतो हेही प्रयोगाने दाखवले. या माणसाचे नाव आमच्या शालेय पुस्तकांत असायला हवे होते, असे आम्हांस वाटते.

मुख्य आरोपी ठरली ती पायऱ्यांची विहीर. आता येथे आपल्याच घराण्यांचा संबंध येतो. दख्खनच्या कोरड्या मुलखात बारव बांधणे हे मोठे पुण्यकर्म. वाटसरूला थेट पाण्यापर्यंत उतरता यावे हाच पायऱ्यांचा हेतू. त्याच पायऱ्यांनी दुखऱ्या पायाला पाण्यात नेले. रहाटाच्या आडाला हा दोष नव्हता. शिवाय ज्यांना बारवेवर पाऊलही ठेवू दिले जात नसे, त्यांच्या वाट्याला डबक्याचे पाणी येई, आणि सायक्लॉप्स तेथेही असे. पुण्याच्या हिशेबात हेही धरले पाहिजे.

१९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण होते. ते ज्या सात राज्यांत विखुरले होते, त्यांत कर्नाटक व महाराष्ट्र दोन्ही होती. उपाय अगदी साधे. पाणी दुपदरी फडक्याने गाळा, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका, विहिरीत टेमेफॉस टाका, पायऱ्या बंद करून कठडा बांधा, हापसा बसवा. खरे कष्ट होते ते घरोघर जाऊन विचारण्याचे. आरोग्य सेवक गावोगाव हिंडत राहिले, आणि एकही रुग्ण नसलेल्या गावातही पुन्हा पुन्हा जात राहिले. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या आम्हांस याचे अप्रूप अधिक. खात्यांत आकडा फुगला की शाबासकी मिळते. येथे तक्त्यात शून्य भरण्यासाठी माणसे राबली. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

तारिहाळ आता कारखान्यांच्या वसाहतीने ओळखले जाते, आणि नारू म्हणजे काय हे येथील तरुणांना समजावून सांगावे लागते. जुन्या बारवांच्या पायऱ्या बुजवल्याबद्दल वास्तुप्रेमी हळहळतात. त्यांची हळहळ आम्हांस कळते. स्वच्छ करून, कठडा घालून त्या पाहण्यासाठी जरूर राखाव्यात. पण त्या बुजवणाऱ्यांस अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

१९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ मध्ये सगळ्या जगात मिळून माणसांतले रुग्ण अवघे १४ होते. आता अडचण निराळीच उभी राहिली आहे. आफ्रिकेतल्या चाड देशात नारू कुत्र्यांत शिरला असून, चित्रदुर्गात डॉ. मूर्तींनी प्रयोगशाळेत जे दाखवले ते तेथे उघड्या रानात घडते आहे. तेथील गावकरी नारू निघालेली कुत्री पाण्याकडे जाऊ नयेत म्हणून बांधून ठेवतात.