तसबिरीमागचे नाव



गावच्या विठ्ठलमंदिरात भिंतीवर एखादी जुनी तसबीर असतेच. बहुधा सप्ताहातल्या काल्याच्या दिवशी काढलेली. मधे वीणेकरी, दोन्ही अंगांना टाळकरी, कडेला मृदंगी, पुढे मांडी घालून बसलेली पोरे आणि अगदी मागे पदर सावरत उभ्या चार-दोन बाया. येता-जाता आपण तिला हात जोडतो. पण एखाद्या नातवाने विचारले, "आजोबा, हा वीणेकरी कोण?" तर उत्तर येते, "असेल कोणी जुना माळकरी." कागद टिकला, नाव मात्र गेले. मागच्या बायांची नावे तर तेव्हाही कोणी टिपली नव्हती.

आठवण जपणे हे काम आपल्या मातीला नवे नाही. तेराव्या शतकात याच वऱ्हाडभूमीत, रिद्धपूरच्या परिसरात, म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. पंथ वेगळा, पण रीत शिकण्यासारखी. ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारले. एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी पडली, तर तो वेगळेपणाही ग्रंथात राहू दिला. त्यातून लीळाचरित्र उभे राहिले.

आपल्या संप्रदायात हेच काम ताहाराबादच्या महिपतींनी केले. त्यांचा जन्म 1715 चा. तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, 1762 मध्ये, त्यांनी भक्तविजय पुरा केला. आधीच्या ग्रंथकारांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले आणि संतांच्या कथा एकत्र गुंफल्या. आज कीर्तनकार उत्तररंगात ज्या संतकथा सांगतात, त्यांतल्या कितीतरी महिपतींच्या ग्रंथांतून आल्या आहेत.

यवतमाळकरांना तर घरचेच उदाहरण आहे. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संस्था उभी केली, जुन्या पोथ्या आणि कागदपत्रे जमवली आणि महानुभावीय मराठी वाङ्मयावर 1925 मध्ये ग्रंथ लिहिला. माळ्यावर धूळ खात पडलेल्या, वाळवीच्या तोंडी जाणाऱ्या बाडातही इतिहास असतो, हे अशा माणसांनी आपल्याला शिकवले.

पण पोथी ज्यांच्या हातीच आली नाही, त्यांचे काय? गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्या गोळा झाल्या. त्यांत विठ्ठल आहे, रुक्मिणी आहे, पंढरीची वाट आहे. दळण गिरणीत गेले, जाते थांबले. कोणी ऐकायला बसले नसते तर त्या बायांबरोबर त्या ओव्याही गेल्या असत्या.

आपल्या जिल्ह्यातले असेच दुसरे जाते म्हणजे शकुंतला. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी इंग्रजी अमलात कापसासाठी आली. तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावले, पुढे गाडीही थांबली. इंजिनाची छायाचित्रे पुष्कळ निघाली. पण तिच्या डब्यात दशम्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसलेल्या एखाद्या आजीला कोणी विचारले का, की बाई, पंढरीला कशी पोचलीस? सोबत कोण होते? मागे शेत कोणी सांभाळले? या प्रश्नांची उत्तरे छायाचित्रात नसतात, ती आजीपाशीच असतात. आणि दर पावसाळ्यात अशा आज्या कमी होत आहेत.

म्हणून एक विनंती. येत्या चातुर्मासात हरिपाठ झाल्यावर अर्धा तास या कामाला द्यावा. देवळातली आणि घरची जुनी छायाचित्रे म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवावीत. पोरांनी मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आधी त्यांची परवानगी घ्यावी, आणि "हे बाहेर सांगू नको" म्हटले तर तो शब्द पाळावा. साल आठवत नसेल तर दुष्काळ, पूर, कोणाचे लग्न यांवरून अंदाज काढावा. नावे छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत. बाईचे नाव "अमक्याची आई" एवढेच न लिहिता तिचे स्वतःचे नाव आणि माहेरही लिहावे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर म्हाइंभटांसारख्या दोन्ही ठेवाव्यात. एक प्रत देवळात, एक शाळेत किंवा वाचनालयात, एक घरी.

आणखी एक गोष्ट, जरा जड वाटेल अशी. आठवण गोड तेवढीच टिपायची नाही. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले. मग आपल्या गावचे देऊळ कधी उघडले? तोवर पायरीखाली उभे राहून कोण भजन ऐकत होते? हेही विचारले पाहिजे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिला नमस्कार केल्याशिवाय आपण आत जात नाही. मग गावातल्या चोखोबाचे नाव आपल्या वहीत नसेल, तर ती वही अपुरीच.

नामाचा महिमा आपण रोज गातो. देवाचे नाव घेताना ते आपल्यापर्यंत ज्यांच्या मुखातून आले, त्यांचीही नावे ठाऊक असावीत. पुढच्या सप्ताहात नातवाने तसबिरीकडे बोट दाखवले, तर तिच्यामागे उत्तर लिहिलेले असू द्या.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.