सत्तर गुणांची चढाओढ

१९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकी अभ्यासकाने तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी प्रतवारी मांडली. पार झिजलेल्या नाण्याला १, निर्दोष नाण्याला ७०.

पुढे ‘पीसीजीएस’ या कंपनीने १९८६ मध्ये आणि ‘एनजीसी’ या कंपनीने १९८७ मध्ये नाणी तपासून, त्यांना याच प्रतवारीने गुण देऊन, प्लास्टिकच्या बंद डबीत घालून द्यायला सुरुवात केली. विकणाऱ्याच्या शब्दाऐवजी तिऱ्हाइताचा निवाडा मिळू लागला. मग संग्राहकांची आपसांत तुलना होणार हे ओघानेच आले. २००१ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी लावलेल्या संग्राहकांच्या संचांच्या क्रमवाऱ्या इंटरनेटवर आल्या.

पीसीजीएसचा हिशेब नुसत्या सरासरीचा नाही. दुर्मीळ नाण्याच्या गुणांना जास्त वजन असते आणि संचातल्या रिकाम्या जागेला शून्य. लिंकन सेंटचा संच घ्या. १९०९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत व्हिक्टर ब्रेनर या शिल्पकाराची आद्याक्षरे असलेले अवघे ४,८४,००० सेंट पडले. ते नाणे नसेल, तर बाकीचा संच कितीही चकचकीत असला तरी क्रमांक घसरतो.

या चढाओढीने बाजारही बदलला. साध्या डोळ्यांना ६६ आणि ६७ यांतला फरक क्वचितच कळतो. किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असू शकतो.